सहा तास पन्नास मिनिटं

"मुलीला काही आजार? काही औषधं चालू?"

निळ्या कोटातल्या बाईनं मान वर न करता विचारलं. तिच्यासमोर फॉर्म होता आणि फॉर्मवर रकानेच रकाने.

"कशाला चालू असतील? पोरगी खडखडीत आहे," आजी म्हणाली. "तुमचं विमान खडखडीत असलं म्हणजे झालं."

निळ्या कोटातली बाई हसली आणि तिनं एका चौकोनात फुली मारली. खाली बोट ठेवलं, तिथं आजीनं सही केली. सही मोठी, ठळक, शाळकरी वळणाची. आपली सही कुणी वाकडी म्हणू नये, याची आजीला फार काळजी.

शेजारी भिंगरी उभी होती. आठ वर्षांची नात. खरं नाव कागदोपत्री, पण एका जागी म्हणून टिकत नाही तर दुसरं काय म्हणायचं? आज मात्र ती गळ्यात पासपोर्टचं पाकीट अडकवून खांबासारखी उभी होती. फुली मारली गेली तेव्हा तिनं वर आजीकडं पाहिलं. आजीनं तिच्या खांद्यावरचा हात जरासा दाबला. त्या दाबण्याचा अर्थ दोघींना पाठ होता.

"जरा पाणी पाजून आणते," असं म्हणून आजी तिला नळाकडं घेऊन गेली. पहाटेचे पाच वाजून एकोणतीस मिनिटं झाली होती. आजीनं लोकांकडं पाठ केली, मूठ उघडली आणि मिनिटकाटा सरकायची वाट पाहिली. साडेपाच. गोळी भिंगरीच्या जिभेवर.

"गिळलीस?"

"हो. आणि दीडची?"

"दीडची आई देईल. एक वाजून पाच मिनिटांनी तू उतरतेस. आई-बाबा दारात उभे असणार. सामान आलं की बॅगेत निळा मोजा, मोज्यात डबी. काय?"

"निळ्या मोज्यात डबी. पण कुणी विचारलं तर?"

"काय विचारलं तर?"

"मला काय होतं म्हणून."

"काय होतं तुला?"

भिंगरीनं क्षणभर विचार केला. "काही होत नाही."

"शाब्बास."

मग निळ्या कोटातल्या बाईनं हात पुढं केला आणि भिंगरीनं तो धरला. पोर काही रडली नाही. रडली असती तर आजीनं तिला दोन शब्द सुनावले असते आणि स्वतःचं निभावून नेलं असतं. पण ती तुरुतुरु चालत गेली, वळणाशी थांबली, आजीच्या दिशेनं मनगट वर केलं आणि त्यावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं. एक पाच. लक्षात आहे. आणि दिसेनाशी झाली.

आजी पहिल्या बसनं निघाली आणि सात वाजून वीस मिनिटांनी शाळेच्या फाटकात हजर झाली. आजच्या दिवशी तरी रजा घ्यायची, असं सगळे म्हणाले होते. "रजा कशाला? कोण मेलंय?" असं आजीनं विचारल्यावर पुन्हा कुणी म्हणालं नाही.

ती त्या शाळेत शिपाई होती. एकतीस वर्षं. शिकलेली विचाराल तर चौथी, तीही अर्धी. पण घंटा तिच्या हातात. शाळेतले सगळे तिला मावशी म्हणत, नव्या मास्तरणीपासून मोठ्या बाईंपर्यंत. या एकतीस वर्षांत घंटा एक मिनिट मागं नाही की पुढं नाही. समोरचा केस कापणारा तिच्या पहिल्या घंटेला दुकानाची फळी उघडायचा आणि मधल्या सुट्टीच्या घंटेला घरी जेवायला जायचा. त्याच्याकडं घड्याळ होतं. पण भरवसा घंटेवर. एकदा मोठ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुमची घंटा दोन मिनिटं लवकर झाली का हो?" तेव्हा आजी म्हणाली, "बाई, तुमचं घड्याळ दुरुस्तीला टाका." आणि घड्याळच मागं निघालं. हा किस्सा ती वर्षातून दोनदा तरी सांगत असे आणि दर वेळी बाईंचं घड्याळ आणखी एक मिनिट मागं जात असे.

भिंगरीची गोळीसुद्धा त्या घंटेवरच चालायची. पहाटे साडेपाच, दुपारी दीड, रात्री साडेनऊ. दीडला शाळेची शेवटची घंटा. घंटा झाली की भिंगरी वर्गातून सुटायची ती थेट आजीच्या स्टुलापाशी. आजी एका हातानं घंटेचा दोर सोडायची आणि दुसऱ्या हातानं गोळी द्यायची. "कसली गोळी?" कुणी विचारलं तर "ताकदीची." शाळेत तिनं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पोरीला फिट येतात हे एकदा चार तोंडांत गेलं की संपलं. मग सहलीला नेत नाहीत, बाकावर शेजारी बसवत नाहीत, आणि कीव करणारे येतात ते वेगळेच. आजीला कीव म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखी.

लेक आणि सून पोटापाण्यासाठी दूर गेले तेव्हा भिंगरी तीन वर्षांची होती. वर्षभरात नेतो म्हणाले, पाच वर्षं गेली. पहिली फिट ते गेल्यानंतर सहा महिन्यांनी आली. त्यानंतर आणखी सात. शेवटची चौदा महिन्यांपूर्वी, ज्या दिवशी पोरीनं दुपारची गोळी तोंडातून हळूच काढून फुलझाडाच्या कुंडीत टाकली होती. डॉक्टर म्हणाले होते, "वेळ चुकवू नका, बाकी काही नाही." वेळ न चुकवणं! हे कुणी आजीला शिकवायचं? चौदा महिने तिनं तीनही वेळच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर दिल्या आणि चौदा महिने फिट फिरकली नाही.

मग कागदपत्रं झाली आणि सुनेचा फोन आला. "आई, आता पाठवा तिला."

पहिल्या खेपेला पोरीला कांजिण्या आल्या. दुसऱ्या खेपेला परीक्षा होती. दोन्ही कारणं खरी, देवाशपथ खरी. पण सून म्हणाली, "तुम्हांला तिला पाठवायचंच नाही, आई. दर वेळी नवं कारण." मुलगा मागून "अगं, असं काय" म्हणाला, पण हळू म्हणाला. ते हळू म्हणणं आजीच्या जिव्हारी लागलं. आणि पाठवायचं नव्हतंच तिला, हे तर तिचं तिला ठाऊक होतं. म्हणून तर जास्त लागलं.

लेकानं सांगितलं होतं, "विमानवाल्यांना आजाराचं लिहून दे. डॉक्टरांचा दाखला घे." ती डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर म्हणाले, "देतो दाखला. पण सोबत मोठं माणूस असलेलं बरं." मोठं माणूस कुठून आणायचं? लेकाला सहा महिने सुट्टी नव्हती. तिला स्वतःला तिकडच्या देशाच्या कचेरीनं व्हिसाला दोनदा नाही म्हणून परत पाठवलं होतं. म्हणजे तिसरं कारण. दाखला दाखवला की विमानवाले पोरीला एकटीला घेणार नाहीत, आणि सून म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं?

तिसरं कारण द्यायला आजीची जीभ वळेना. "दिलं सगळं लिहून," ती लेकाला म्हणाली.

आणि तिनं आपलं डोकं चालवलं. लेकानं पाठवलेलं तिकीट तिनं शाळेच्या कारकुनाकडून छापून घेतलं, चष्मा लावून समोर धरलं आणि त्यावरच्या दोन वेळा वाचल्या. सुटतं सहा पंधराला. पोचतं एक पाचला. सहा तास पन्नास मिनिटं. साडेपाचची गोळी विमानतळावर, दीडची आईच्या हातून. विमानात काही द्यायलाच नको! कुणाला दिसायला नको, कुणी विचारायला नको. हातातल्या पिशवीची झडती होते, म्हणून डबी मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात जाते. लेक "चौदा तासांचा प्रवास आहे" म्हणाला होता. पण प्रवास म्हणजे काय नुसतं विमान? घरून निघणं, रांगा, तपासण्या, तिकडं पुन्हा रांगा, घरापर्यंत गाडी. त्याचे सात आणि विमानाचे सात. बरोबर चौदा. असा हिशेब तिनं जमवला आणि तो इतका चपखल बसला की तिला स्वतःचं कौतुक वाटलं. कुणाला विचारायची गरज काय?

दुपारी बारा चाळीसला ती ऑफिसात आली. तिथं शाळेचे कारकून कागदांच्या आड बसलेले होते. बावीस वर्षं त्याच खुर्चीत. खुर्चीचाच एक भाग म्हणा ना. दोघांची रोजची चकमक.

"या, मावशी. आज स्वारी खुशीत कशी? नात गेली तर घर खायला उठेल म्हणत होते लोक."

"लोक म्हणोत. पंचवीस मिनिटं राहिली, भाऊसाहेब."

"कशाला?"

"विमान उतरायला. म्हटलं, लेकाचा फोन येईल, तर इथं बसावं. बाहेर पोरांच्या गोंगाटात ऐकू येत नाही."

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "विमान उतरायला? आज पहाटेच गेलं ना?"

"सव्वासहाला."

"मावशी, ते शहर कुठं, आपण कुठं. थांबा." त्यांनी संगणकावर काहीतरी टाइप केलं. एकेक अक्षर शोधून दाबायची त्यांची पद्धत, त्यामुळं बराच वेळ गेला. "हे बघा. विमानाचं अंतर अकरा हजार चारशे किलोमीटर. सात तासांत? विमान आहे की तोफेचा गोळा?"

"तिकिटावर छापलंय. तुम्हीच छापून दिलंत. एक पाच."

"एक पाच तिकडचे, मावशी."

"तिकडचे म्हणजे?"

"तिकडच्या घड्याळातले. तिकडं आत्ता पहाटेचे पावणेसहा झालेत. त्यांचे एक पाच होतील तेव्हा आपल्याकडं रात्रीचे आठ वाजून गेलेले असतील."

"तिकडं घड्याळ मागं असतं ते मला नका शिकवू. पाच वर्षं लेकाशी बोलतेय." आजीचा आवाज चढला. "पण तिकीट इथलं, विमान इथून सुटलेलं. एका कागदावर दोन घड्याळं? एका म्यानात दोन तलवारी?"

"सुटायची वेळ सुटण्याच्या गावची, पोचायची वेळ पोचण्याच्या गावची. सगळीकडं असंच असतं."

"कुठं लिहिलंय तसं?"

"लिहीत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना माहीत असतं. आजीनं आयुष्यभर हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

"म्हणजे ती आत किती तास बसणार?"

"तेरा तास पन्नास मिनिटं. अहो, झोपेल की. लेकरं काय—"

आजी खुर्चीवर बसली. ऑफिसातल्या खुर्चीवर ती एकतीस वर्षांत कधी बसली नव्हती.

"तिची दीडला गोळी आहे," आजी म्हणाली.

"कसली गोळी?"

भिंतीवरच्या घड्याळात बारा पन्नास झाले होते. आजीनं सांगितलं. सगळं सांगितलं. फिट, डबी, मोजा, फुली. सांगताना ती भिंतीकडं बघत होती आणि तिचा आवाज असा सपाट होता, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची चोरी सांगते आहे.

भाऊसाहेबांनी लगेच विमान कंपनीचा नंबर शोधला. आधी गाणं लागलं. मग एक दाबा, दोन दाबा, पाच दाबा. मग पुन्हा गाणं. शेवटी माणसाचा आवाज आला. तरुण, स्वच्छ, इस्त्री केलेला आवाज. भाऊसाहेबांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"फॉर्मवर आजार नाही असं लिहिलेलं आहे. आपण मुलीच्या कोण?"

"आजी."

"सही आपलीच आहे?"

"माझीच."

"म्हणजे आज सकाळी आपण खोटी माहिती दिलीत, असं समजायचं का?"

दारात दोन शिक्षिका येऊन उभ्या राहिल्या होत्या. हजेरीपट ठेवायला आल्या आणि थबकल्या. आजीनं त्यांना पाहिलं. एरवी तिनं दोघींना एका नजरेत परत पाठवलं असतं.

"हो," ती म्हणाली. "खोटं लिहून दिलं. लिहा तसं. पण आता पोरीचं काय करता ते बोला."

फोनवरच्या त्या मुलीनं सांगायचं ते सांगितलं. औषध सामानात असेल तर विमान उतरेपर्यंत ते काढता येत नाही. दुसऱ्या कुणाचं औषध देता येत नाही. विमान आत्ता समुद्रावर आहे. वैमानिकाला निरोप पाठवता येईल, कर्मचारी मुलीवर लक्ष ठेवतील.

"जवळ कुठं उतरवता येत नाही?"

"आजी, तिला अजून काही झालेलं नाही ना?"

"व्हायची वाट बघायची?"

पलीकडं तो इस्त्रीचा आवाज थोडा चुरगळला. "मी निरोप पाठवते, आजी. लगेच पाठवते. कळलं की फोन करते."

मग लेकाला फोन. तो झोपेतून उठलेला, पण खुशीत. "आई! आज उजाडायच्या आत जाग आली बघ. हिनं तर रात्रभर—"

"ऐक," आजी म्हणाली.

तिचं सांगून झालं. फोन कटला का म्हणून भाऊसाहेबांनी वाकून बघितलं.

"फॉर्मवर लिहिलं होतंस ना पण?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तू म्हणाली होतीस लिहिलं म्हणून."

"म्हणाले होते."

मागून सुनेचा आवाज आला, "काय झालं? काय झालं, सांगा ना." लेकानं फोनवर हात ठेवला असावा, पुढचं काही ऐकू आलं नाही. मग तो परत आला आणि म्हणाला, "मी इथून फोन लावतो त्यांना. ठेव तू." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आजीला भांडता येत होतं. हे असलं काही येत नव्हतं.

एक वाजून सत्तावीस मिनिटांनी ती उठली आणि बाहेर आली. "मी देतो घंटा, बसा तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. तिनं मान हलवली. दोर हातात घेतला. काटा सहावर आला आणि हातानं आपणहोऊन दोर ओढला. एक ठोका मागं नाही, एक पुढं नाही. वर्गांची दारं उघडली, शाळा सुटली, पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी वाहून गेली. कुणाची पाटी तिच्या गुडघ्याला लागली. "सॉरी, मावशी!" आणि दोन मिनिटांत अंगण रिकामं. आजी स्टुलापाशी तशीच उभी. डावा हात, सवयीनं, तळवा वर करून पुढं आलेला. तिनं तो हात पाहिला आणि पाठीमागं घेतला.

शाळा बंद झाली तरी ती ऑफिसातून हलली नाही. मोठ्या बाई येऊन म्हणाल्या, "मावशी, घरी जा, पडा जरा." ती म्हणाली, "पडून काय करू? इथंच बरी आहे." भाऊसाहेबही थांबले. त्यांनी बायकोला फोन केला, "ऑफिसात काम आहे, उशीर होईल." मग फोन ठेवून म्हणाले, "विश्वास बसला नाही तिचा. बावीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं ना."

आजी हसली नाही, पण तिनं त्यांच्याकडं पाहिलं. एवढंही पुष्कळ होतं.

चार वाजता इस्त्रीच्या आवाजाच्या मुलीचा फोन आला.

"आजी, निरोप पोचला. कर्मचाऱ्यांनी मुलीला विचारलं. तीनदा विचारलं. ती म्हणते, मला काही होत नाही."

"खोटं बोलतेय ती."

"आजी, फॉर्म म्हणतो आजार नाही, मुलगी म्हणते आजार नाही. तरीपण त्यांनी तिला पुढच्या रांगेत बसवलंय, जवळच. तिनं खाल्लं, चित्रं काढली. छान आहे ती."

"तिला सांगा, आजीनं सांगितलंय, बोल म्हणून. आजी म्हणते, सगळं सांगून टाक. आजीचं चुकलं म्हणावं."

"पाठवून बघते. पण ते काय टेलिफोनसारखं नसतं. तिनंच उलट त्यांना विचारलं म्हणे. एक वाजून पाच होऊन गेले, तरी विमान का उतरत नाही?"

आजीनं फोन भाऊसाहेबांकडं दिला. "जरा पाणी पिऊन येते," म्हणाली आणि व्हरांड्यात जाऊन नळ सोडला. पाणी काही प्यायली नाही. नळ बराच वेळ वाहत होता. पाण्याचा थेंब वाया घालवणाऱ्या पोरांचे कान ज्या नळापाशी तिनं एकतीस वर्षं पिळले, तोच नळ.

परत आली तेव्हा तिनं विचारलं, "आता किती गेलं असेल?"

भाऊसाहेबांनी संगणक तिच्याकडं वळवला. पडद्यावर निळा रंग आणि त्यावर इवलंसं विमान. "हे बघा, आठ हजार किलोमीटर झाले. तीन हजार चारशे राहिलेत."

आजी समोर बसली. विमान हलत नव्हतं. ती टक लावून बघायची तेव्हा हलत नव्हतं आणि डोळे मिटून उघडले की माशीइतकं पुढं गेलेलं असायचं. शाळेतली द्वाड पोरं अशीच; आपण बघतोय तोवर पुतळा. तिनं त्या विमानाला मनात शिव्या दिल्या, मग समजावलं, मग हात जोडले. विमानावर कशाचाही परिणाम झाला नाही. आयुष्यात तिचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं होतं. नवऱ्यानं ऐकलं, लेकानं ऐकलं, पाच मुख्याध्यापकांनी ऐकलं. आणि नातीनं तर इतकं ऐकलं, की आता ते परत घ्यायचं म्हटलं तरी पोचायला वाट नव्हती.

पाच वाजले. सहा. सात. भाऊसाहेबांनी कुठून तरी पाव आणि चहा आणला. तिनं चहा घेतला. आठ वाजून सात मिनिटांनी पडद्यावरचं विमान थांबलं आणि खाली अक्षरं आली.

"उतरलं," भाऊसाहेब म्हणाले.

आठ बेचाळीसला फोन वाजला.

"आली, आई! आली!" लेक ओरडत होता. "नीट आहे, अगदी नीट. केवढी मोठी दिसते गं!" मागं सून हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"गोळी," आजी म्हणाली. "आधी गोळी. मोठी बॅग, निळा मोजा."

"हो, हो, ढकलगाडीवरच आहे बॅग, उघडतोच—"

फोनमध्ये काहीतरी आपटलं. सून किंचाळली. मग लेकाचा आवाज आला, पण तो लेकाचा वाटेना; त्याच्या सातव्या-आठव्या वर्षाचा वाटला.

"आई! आई, ती पडली. आई, तिचे डोळे बघ ना— आई, काय करू?"

आजी उभी राहिली.

"ऐक माझं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पडलेलाही नव्हता. "कुशीवर घे तिला. डाव्या. डोक्याखाली काहीतरी मऊ घाल. तुझा कोट घाल."

"घातला—"

"गळ्यातलं पाकीट काढ. तोंडात काही घालायचं नाही. धरून ठेवायचं नाही. हात नुसता पाठीवर ठेव. ठेवलास?"

"ती— आई, ती हलतेय सगळी—"

"हलू दे. मोज. माझ्याबरोबर मोज. एक. दोन. तीन."

"चार," लेक म्हणाला. "पाच."

"सावकाश. घड्याळासारखं. सहा. सात."

आवाज तिकडं पोचायला आणि परत यायला जरा वेळ लागत होता. ती अठरा म्हणायची तेव्हा तिकडून सोळा यायचं. ती थांबली नाही, त्यांच्यासाठी मागंही आली नाही. चाळिसाच्या सुमाराला सुनेचा आवाजही त्यात मिसळला, हुंदक्यात अडकत, एखादा आकडा गाळत. ऑफिसात भाऊसाहेब खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि त्यांचेही ओठ हलत होते. सत्तर. ऐंशी. शंभर. कुठं थांबणार, हे आजीला माहीत नव्हतं. कधीच माहीत नसायचं. आठ वेळा तिनं घराच्या जमिनीवर बसून एकटीनं मोजलं होतं आणि आठही वेळा थांबेपर्यंत तिला वाटलं होतं की या खेपेला थांबणार नाही.

"एकशे बत्तीस. एकशे तेहतीस."

तिकडून आकडे यायचे बंद झाले.

"एकशे चौतीस," ती म्हणाली. "एकशे पस्तीस. मोज ना रे. एकशे छत्तीस—"

"थांबलं," लेक म्हणाला. "थांबलं, आई. श्वास घेतेय."

आजी बसली नाही. "कुशीवरच राहू दे. पूर्ण जाग येऊ दे, नाव विचार, नाव सांगितलं की मग गोळी. घाई नको. आता झोपेल ती. झोपू दे."

"आई," लेक म्हणाला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "मी पहिल्यांदाच पाहिलं. तू हे एकटीनं—"

"बरं, बरं. तिला उचल आता जमिनीवरून. फरशी गार असेल."

मग सून फोनवर आली. तिच्या आवाजात राग नव्हता; राग आला असता तर आजीनं तो कुठंतरी ठेवला असता. "आई," तिनं विचारलं, "आता एक दिली की पुढची किती वाजता? रोजच्या वेळा इथल्या घड्याळानं काय धरायच्या?"

आजीनं तोंड उघडलं. साडेपाच, दीड, साडेनऊ. जिभेवर आले आणि तिथंच राहिले.

"तिथल्या डॉक्टरांना विचार," ती म्हणाली. "मला तिकडचं कळत नाही. मी सांगेन ते ऐकू नकोस."

"बरं, आई," सून हळू म्हणाली आणि मग तिचं लक्ष दुसरीकडं गेलं, कारण मागं पोर काहीतरी पुटपुटली होती. कुणाला तरी हाक मारली होती. कुणाला, ते आजीला नीट ऐकू आलं नाही.

"आहे मी, आहे," सून म्हणाली. "इथंच आहे. हे घे, पाणी घे."

फोन बंद करायचं तिकडं कुणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेक कुणाच्या तरी खिशात गेला असावा. कापडाचा घासल्यासारखा आवाज, ढकलगाडीची चाकं, दूर कुठंतरी सूचना देणारी एक अनोळखी बाई. लेक काही विचारत होता, सून उत्तर देत होती, शब्द कळत नव्हते.

"चालूच राहिलाय त्यांचा," भाऊसाहेब हलकेच म्हणाले. "बंद करू?"

"राहू द्या."

एक दार आपोआप उघडल्यासारखं वाजलं आणि एकदम वारा ऐकू आला. चाकं खडबडीत जमिनीवर गेली. थांबली. गाडीची दारं लागली, एक, दोन, तीन. मग नुसती घरघर, एकसारखी. आजी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरून उभी होती.